शनिवारचा विरोधक

गुंडोपंत कट्टी तसे मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कल्लाप्पा मगदूम सहन होत नसे. दोघंही बेळगावकडचे, दोघांच्याही घरात मराठी आणि बाहेर कानडी, दोघंही बंगळुरात एकाच कॉलेजात इतिहास शिकवणारे. गुंडोपंत चोपन्न सालापासून शिकवत होते. कल्लाप्पा साठ साली आला आणि दोन वर्षांत दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीत उभी राहून त्याला ऐकू लागली. गुंडोपंतांच्या वर्गातली मुलं खिडकीतून बाहेर बघत. त्यात कल्लाप्पा त्यांना ‘अण्णा’ म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. त्यामुळे उघड भांडायचीही सोय नव्हती.

शनिवारी दुपारी बसवनगुडीत निवृत्त प्राध्यापक हणमंतरावांच्या घरी अभ्यासमंडळ भरे. मंडळाची एक जुनी रीत होती. निबंध वाचणाऱ्याला एक विरोधक नेमून दिलेला असे. पंधरा दिवस आधी निबंधाची प्रत त्याच्या हाती पडे. निबंध वाचून झाला की विरोधकाने आधी त्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडायचं, तेही इतक्या प्रामाणिकपणे की लेखकाने ‘सरी’, म्हणजे बरोबर, म्हणावं. तोवर खोडायला तोंड उघडायचं नाही. आणि विरोधक आला नाही तर निबंध वाचायचाच नाही.

सदुसष्ट साली सीमेचा वाद पेटलेला असताना कल्लाप्पाने नेमका सीमेवरचाच निबंध लिहिला. एका खेड्यातल्या देवळात एक दगड होता. त्यावर वर कानडी लेख, खाली मराठी लेख, आणि दोन्हींत देवाच्या दिव्याला तेल दिल्याची नोंद. शकाचा आकडा झिजलेला, पण संवत्सराचं नाव दोन्हीकडे एकच. म्हणजे एकाच वर्षी गावाने दोन्ही भाषांत लिहिलं, असं कल्लाप्पाचं म्हणणं. विरोधक म्हणून गुंडोपंत नेमले गेले.

गुंडोपंतांनी तो निबंध वीसेक वेळा वाचला. इतक्या बारकाईने माणूस फक्त हेव्यापोटी वाचतो. वाक्य सरळ आणि सुंदर असलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि निबंधात तशीच वाक्यं जास्त होती. शेवटी चूक सापडली ती तळटीपेत. वरच्या लेखात बसवंत नावाच्या तेल्याने पहिल्या मुलाच्या बारशाला तेल दिलं होतं. खाली तेल देणारा होता त्याच बसवंताचा नातू. ज्या वर्षी मुलाचं बारसं, त्याच वर्षी नातू तेल कसा देईल? तेच संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं, हे कल्लाप्पा विसरला होता. गुंडोपंतांनी ही मेख कोणालाही सांगितली नाही. शनिवारची वाट बघत ते आठवडाभर खुशीत जेवले.

शुक्रवारी संध्याकाळी एका कडव्या संघटनेचे दोन तरुण घरी आले. गाव दोन्ही भाषांचं, हे दोन्हीकडच्या कडव्यांना खपत नव्हतं. सीमेपलीकडच्यांनी कल्लाप्पाला शिव्यांचं पोस्टकार्ड पाठवलं होतं. इकडचे स्वतः आले होते.

“सर, तुम्ही काही करायचं नाही,” त्यातला एक म्हणाला. “उद्या ताप आला म्हणा. निबंध आपोआप बंद. तुमचं नाव कुठं येणार नाही.”

ते गेल्यावर बायको कृष्णाबाई म्हणाली, “हे नेमके तुमच्याकडेच कसे आले हो?”

गुंडोपंतांना हे फार लागलं. आपलं जळणं रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं, याची त्यांना शरम वाटली. खरं सांगायचं तर आधी क्षणभर बरंही वाटलं होतं. कल्लाप्पाचा शनिवार एका तापाने बुडत होता. पण निबंध वाचलाच गेला नाही तर खोडायचं काय? आणि ज्याला आपण खोडणार, त्याचं तोंड दुसऱ्याने का बंद करावं?

शनिवारी ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

कल्लाप्पाने पहिलं पान वाचलं आणि दहाबारा जण आत घुसले. कालचे दोघंही त्यांत होते. त्यांनी कागद हिसकावून फाडले. “झालं वाचन,” एक म्हणाला.

गुंडोपंत उठले. “वाचन झालं असेल तर आता विरोधकाची पाळी,” ते म्हणाले, आणि त्यांनी निबंध सुरुवातीपासून म्हणायला घेतला. तोंडपाठच होता. जी वाक्यं त्यांना सुंदर वाटून झोंबली होती, ती तर एकही शब्द न गाळता आली. तळटीपाही आल्या. घुसलेल्यांना वाटलं हा विरोधक आहे, आता खोडेल, मग खोडेल. असं करत त्यांनी उभ्याने अख्खा निबंध ऐकला.

“सरी, अण्णा,” कल्लाप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता खोडायचं होतं. चूक सांगितली तर हे लोक टाळ्या पिटणार, हे गुंडोपंतांना कळत होतं. न सांगावी तर मंडळाची रीत मोडत होती. त्यांनी बारसं आणि नातू दोन्ही सांगितलं. “लेख एका वर्षाचे नाहीत. साठ वर्षांचं अंतर आहे. इथे निबंध चुकला.”

“बघा, खोटाच होता,” दारातून आवाज आला.

कल्लाप्पाने खाली पडलेला एक तुकडा उचलून पाहिला. मग सावकाश म्हणाला, “चूक माझी. पण अण्णा, मग तर आजाने कानडीत लिहिलं आणि नातवाने मराठीत. घर एकच, दिवाही एकच.”

दिवाणखाना टाळ्यांनी भरून गेला. दारातल्यांपैकीही एकाने वाजवली आणि मग हात खिशात घातले. एवढं होऊन टाळ्या कल्लाप्पालाच! गुंडोपंतांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी कॉफीसुद्धा घेतली नाही.

सहा महिन्यांनी निबंध एका पुस्तकात छापून आला. गुंडोपंतांनी घाईने पानं उलटली.

“तुमचं नाव आहे का?” कृष्णाबाईने विचारलं.

“आहे. ‘ही दुरुस्ती गुंडोपंत कट्टी यांची.’ तळटीपेत.”

“तळटीपा कोण वाचतं?”

गुंडोपंतांनी पुस्तक मिटलं. कल्लाप्पावर जळणारा दुसरा कोणी असेल, तर तो नक्की वाचील, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.