भिंतीवरचा उजेड

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. मोहाडीचे पाहुणे माझ्या मोठ्या बहिणीला बघायला आले, तेव्हा ती पाण्याच्या पेल्यांचं ताट घेऊन दारातल्या उन्हात उभी राहिली. पाण्याचा उजेड भिंतीवर हलत होता. ती तोच पाहत होती.

मुलाची आई खूश झाली. "पोरगी कोणाच्या तोंडाकडं पाहूनच नाही राहिली. मोठी लाजाळू हाय! नाव काय बाई तुझं?"

"नाव काय बाई तुझं," बहीण त्याच सुरात म्हणाली.

बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. अशा वेळी उत्तर मी द्यायचं, असं ठरलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"लाजून नाही राहिली बाई ते. लहानपणापासून तशीच हाय. सासरी तिले समजून कोण घेईल? मले नाही द्यायची पोरगी."

पाहुणे चहा पिऊन गेले. बाबा आईशी बोलेनासे झाले.

स्वमग्नता हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी ऐकला. नजर न देणं, ऐकलेलंच परत म्हणणं, सगळं ओळखीचं निघालं.

त्या दुपारी ऊन सरकलं तशी बहीण अस्वस्थ झाली. आईनं ताट उचलून पुन्हा उन्हात ठेवलं. उजेड भिंतीवर परत हलू लागला.