झाकणावर बसलेले साडभाऊ

गाळाशी इतकं जन्माचं वैर धरलेला माणूस नागपुरातच काय, अख्ख्या विदर्भात दुसरा सापडायचा नाही. हा माणूस म्हणजे आमचे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात त्यांनी नोकरी काढली, तिथे फक्त घुसळायची यंत्रं तयार होतात. जहाजातून आलेलं कच्चं तेल ज्या टाक्यांत साठवतात, त्या सर्कशीच्या तंबूएवढ्या असतात. तेल उभं राहिलं की मेण, वाळू, गंज असं सगळं तळाशी बसतं आणि त्याचा काळा, चिकट गाळ होतो. टाकीच्या भिंतीला बाहेरून मोटार आणि आतून पंखा बसवायचा, पंख्याचं तोंड डावी-उजवीकडे फिरवत राहायचं, म्हणजे गाळ बसतच नाही. तेलाबरोबर पुढे निघून जातो. मला हे ठाऊक असायचं काही कारण नाही, मी विम्याच्या हपिसात आहे. पण माझ्या साखरपुड्याच्या पंगतीत साडभाऊ माझ्या शेजारी बसले होते.

लग्नकार्यात ते आहेर वगैरे आटोपून थेट वरणाच्या भांड्यापाशी जाऊन उभे राहतात. "खालून घे ना गा बापा, खालून! वरवरचं कायले वाढून राहिला?" एका लग्नात वाढप्यांनी त्यांना मुलीचे वडील समजून दर पंगतीला भांडं आधी त्यांना दाखवून नेलं, आणि त्यांनीही ते तपासून पुढे सोडलं. मुलीचे खरे वडील शेवटपर्यंत त्यांना मुलाकडचे समजत होते. ताईंना, म्हणजे माझ्या त्या मेहुणीला, मिक्सर घ्यायला ते सीताबर्डीच्या बाजारात गेले, तेव्हा मीही सोबत होतो. दुकानातली सगळी भांडी उघडायला लावून त्यांनी पात्यांचा कोन पाहिला आणि विचारलं, "तळाशी किती राह्यते?" दुकानदार म्हणाला, "क्या रहता है?" "गाळ." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या मेट्रोकडे पाहिलं. "भाईसाब, चटनी में गाळ नहीं होता." साडभाऊंनी त्याला समजून घेतलं, माफही केलं, आणि घरी येताना लाकडी रवी घेऊन आले.

उन्हाळ्यात त्यांचा जोर वाढतो, कारण नागपुरात घरोघर कूलर असतो आणि कूलरच्या टाकीत गाळ असतोच. एका वर्षी त्यांनी आपल्या कूलरच्या टाकीत बोटभर पंखा आणि खेळण्यातली मोटार बसवली. गाळ खरोखरच बसला नाही. तो पाण्याबरोबर वर चढला, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून झिरपला आणि त्याचा वास हवेबरोबर बैठकीत पसरला. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "काय सांगू वं, घरात बसलं तरी तलावाच्या काठी बसल्यासारखं वाटते." साडभाऊंना मात्र हा प्रयोग यशस्वी झाल्यासारखा वाटत होता. टाकी स्वच्छ होती, हे ताईंनाही नाकारता येईना.

आम्ही दोघं एकाच इमारतीत राहतो. मागच्या मे महिन्यात इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायची ठरली. नळाला माती यायला लागली होती. सोसायटीच्या सचिवांनी दोन मजूर बोलावले. पाणी उपसून झालं होतं, तळाशी घट्ट चिखल उरला होता. एका मजुराने टाकीच्या तोंडात पाय सोडले, आणि साडभाऊ घरच्या बनियनवर जिन्यातून धावत आले. त्यांनी त्याला दंडाला धरून वर ओढलं, लोखंडी झाकण सरकवलं आणि त्यावर मांडी घालून बसले. झाकण तापलेलं होतं.

"मानूस उतरनार नाही," ते म्हणाले.

सचिव म्हणाले, "भाऊ, ही पाण्याची टाकी आहे. तेलाची नाही."

"टाकीले मालूम नसते ती कशाची हाय ते."

आत विषारी हवा असली तर मेणबत्ती विझते, म्हणून सचिवांनी समजुतीखातर एक मागवली. साडभाऊंना थोडं बाजूला सरकवून बादलीतून ती आत सोडली. मेणबत्ती छान जळत राहिली. जमलेली मंडळी हसली, एकाने टाळीही दिली. साडभाऊ पुन्हा झाकणावर बसले.

"आता काहून बसले, भाऊ?" सचिव वैतागले.

"मेनबत्ती जळून राहिली, कारन गाळ झोपून हाय. फावडं मारलं का त्याच्या पोटातून गॅस निघते. तवा मेनबत्ती नसते तिथं. मानूस असते."

यावर कुणी हसलं नाही, पण कुणी हललंही नाही. मग त्यांनी, माझ्याकडेही न बघता, सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते समुद्राकाठच्या एका तेल कारखान्यात होते. तेव्हा टाकी रिकामी करून माणसंच फावडी घेऊन आत उतरत. त्यांच्या खोलीत राहणारा सावनेरकडचा एक दोस्त असाच उतरला. हवा तपासलेली होती, सगळं ठीक होतं. साडभाऊ बाहेर टाकीच्या तोंडाशी दोर धरून बसले होते आणि आत-बाहेर दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. "मी त्याले इचारलं, जेवाले काय आननार? तो बोलला, झुणका. मंग मी इचारलं, कांदा? तर काही बोललाच नाही." बाहेर ओढला तेव्हा तो गेलेला होता. साडभाऊंनी ती नोकरी सोडली, नागपूरला आले आणि घुसळणी यंत्रांच्या कारखान्यात लागले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून गाळाबद्दल सगळं ऐकलं होतं. हे ऐकलं नव्हतं. ताईंनीही नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीहून टेम्पोत घालून एक लहान यंत्र आलं. टाकीत पुन्हा पाणी सोडलं, यंत्र वरून लटकवलं आणि चिखल घुसळून पंपाने बागेत फेकला. सांगताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात कुणीतरी चुकीची चावी फिरवली, चिखलाचं पाणी वर चढलं, सगळ्या घरांचे नळ खोकले आणि सचिवांचे नळाखाली भिजत घातलेले पांढरे सदरे कायमचे चहाच्या रंगाचे झाले. दोन्ही मजूर कोपऱ्यात उभे होते. एक जण हळूच म्हणाला, "साहेब, आमचं काम तं गेलं."

"गेलं नाही गा. भायेर आलं," साडभाऊ म्हणाले आणि पाइप त्याच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत ते दोघं बागेत पाइप धरून उभे होते, आणि साडभाऊ त्यांना पंख्याचा कोन समजावत होते. ते ऐकतही होते. पळून जायला जागा नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साडभाऊ निवृत्त झाले. आता घरी बसतील असं ताईंना वाटलं होतं. पण जुन्या ओळखीतून अमुक ठिकाणी टाकीत माणसं उतरवणार आहेत असं कानावर आलं, की ते बॅग भरतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. कधी साहेब लोक आत घेऊन चहा पाजतात, यंत्राबद्दल ऐकून घेतात आणि विचार करू म्हणतात. कधी आत सोडतच नाहीत. ताई पूर्वी रागवायच्या, हल्ली काही न बोलता तिखट पुऱ्या बांधून देतात.

परवा मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडीला वेळ होता. उन्हाने फलाट तापला होता आणि साडभाऊ पहिल्यांदाच मला जरा म्हातारे दिसले. मी विचारलं, "भाऊ, आत घेतलंच नाही तर काय करता?"

"फाटकापाशी बसतो," ते म्हणाले. "उतरनारे लोक फाटकातूनच जातेत ना."