कृष्णरावांची भिंत

कृष्णराव कापगते कुणाला धड 'हो' म्हणत नसत आणि 'नाही' म्हणून कुणाला तोडतही नसत. सानगडीच्या बाजारात बैलाचा सौदा अडला, दोन भावांत शेताच्या धुऱ्यावरून जुंपली, सून रुसून माहेरी गेली, की गाव त्यांच्याकडे धावायचं. ते दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे, सावकाश पानाला चुना लावायचे आणि शेवटी असं काही सांगायचे की दोघंही थोडे थोडे नाराज होऊन घरी जायचे. दोघं सारखेच नाराज झाले म्हणजे न्याय झाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

ही अक्कल त्यांना तळ्यानं दिली होती. गावाला मोठं जुनं तळं होतं आणि त्याचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, वाटून द्यायचं काम कापगत्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. वरच्या बांधीला किती, खालच्या बांधीला किती, हे कृष्णराव तळ्याच्या मातीच्या पाळीवर उभे राहून सांगत. पण पाण्यात उतरायचा तो तुलाराम. तळ्याच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तुडूम होतं, त्याच्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. बुडी मारून तो खुंटा उपसल्याशिवाय कालव्यात थेंब येत नसे. तुलाराम मेश्राम खालच्या बौद्ध मोहल्ल्यातला. तो वर यायचा तेव्हा थंडीनं त्याचे दात वाजत असायचे. मग कृष्णराव बिडी आणि काडेपेटी काढून पाळीवरच्या सपाट दगडावर ठेवायचे, तुलाराम ती उचलायचा आणि दोघं वाहत्या पाण्याकडे बघत बिड्या ओढत बसायचे. तरणेपणापासून हे असंच चाललं होतं. यांचा जीव माझ्यापेक्षा त्या तुलारामातच जास्त, असं कौशल्याबाई चारचौघींत म्हणायच्या आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

एकोणऐंशी साली गावात नळ यायचं ठरलं आणि कृष्णरावांची झोप उडाली.

तळ्याकाठच्या विहिरीवर पंप, एक टाकी आणि चौकात एक ओटा, एवढीच मंजुरी होती. तोवर गावाची विहीर वेगळी होती आणि बौद्ध मोहल्ल्याची वेगळी, जिचा उन्हाळ्यात तळ दिसायचा. आता एकाच ओट्यावर घागरीला घागर लागणार होती. ग्रामपंचायतीत सरळ दोन तट पडले, दोन्हीकडे सारखी माणसं, आणि मधे एकटे कृष्णराव.

एका तटाचा पुढारी मधुकरराव, नागपूरला शिकून शेती करायला परत आलेला. नळ सरकारचा, पाणी तळ्याचं, कायदा देशाचा, ज्याला चालत नसेल त्यानं तहानलेलं राहावं, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं. पण तो असं बोलायचा की ऐकणाऱ्याला आपण चुकतोय असं न वाटता आपण मूर्ख आहोत असं वाटायचं, आणि मूर्ख ठरवलेला माणूस सहसा सुधारत नाही. शिवाय मधुकररावाच्या वाडीत स्वतःची विहीर होती. चौकात घागर घेऊन त्याच्या घरचं कुणी उभं राहणारच नव्हतं.

दुसऱ्या तटाचे भय्याजी, कौशल्याबाईंचे सख्खे थोरले भाऊ. माणूस दुष्ट नव्हता. बौद्ध मोहल्ल्यात मयत झाली तर लाकडं त्यांच्याच बैलगाडीतून जायची. पण रीत मोडली की गाव मोडतं, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली. ते ओसरीवर येऊन कृष्णरावांना म्हणाले, "माही माय एका नळाचं पाणी पेणार नाही, भाटवे. म्हातारी तहानेनं मरन, तवा कायदा येईन का तिले पाणी पाजाले?" आणि म्हातारी खरंच मेली असती, हे कृष्णरावांना ठाऊक होतं.

कौशल्याबाईंनी बाजू घेतली नाही. दिवाळीत भाऊबीज येते, एवढंच त्या भाजी वाढता वाढता म्हणाल्या. भय्याजीकडून हात वर केला तर तुलारामला तोंड कसं दाखवायचं, आणि मधुकररावाकडून केला तर बायकोचं माहेर तुटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वाईट याचं होतं की तुलाराम नळाबद्दल अवाक्षर काढत नव्हता. पाळीवर बसून तो धानाचं, बैलाचं बोलायचा. त्यानं काही मागितलं असतं तर कृष्णरावांना नेहमीसारखा त्यातला अर्धा वाटा देता आला असता.

शेवटी त्यांनी तोड काढलीच. ओटा एक, नळ दोन, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि मधे कंबरभर उंच भिंत. कारण काय सांगायचं, तर बायांची गर्दी होऊ नये. सापही मेला, काठीही तुटली नाही! सभेत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फक्त मधुकररावानं राजीनामा फेकला आणि या अन्यायाविरुद्ध भाषण करायला तो एसटीनं भंडाऱ्याला निघून गेला.

मग भय्याजींच्या लक्षात आलं की पाइप खालच्या अंगानं येतोय, म्हणजे पाणी आधी बौद्ध मोहल्ल्याच्या नळाला लागणार आणि मग आपल्याला. पुन्हा बैठक बसली. कृष्णरावांनी पाइप भिंतीच्या बुडाशी आणून तिथून दोन फाटे काढायला लावले, म्हणजे पाणी दोघांना एकाच वेळी मिळेल. वरची बांधी, खालची बांधी, असा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडवलेला होता. आपल्या हुशारीचं त्यांना त्या दिवशी मनापासून कौतुक वाटलं, आणि माणसाची अक्कल शेण खायला जाते ती अशाच दिवशी.

नळ सुरू झाला. त्या वर्षी पाऊस मात्र लवकर पळाला. आश्विनात धान निसवायला आलं आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. तळं सोडायचा दिवस ठरला. कृष्णराव सकाळीच पाळीवर जाऊन उभे राहिले. तुलाराम आला नाही.

तापानं पडला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण तुलाराम ओट्यावर त्याच्या बाजूनं घागर भरताना लोकांना दिसला होता. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. भय्याजींनी आपले दोन गडी तळ्यात उतरवले. एकाला तुडूमच सापडलं नाही, दुसऱ्याला खुंटा हलला नाही. लोंब्या पांढऱ्या पडतील या भीतीनं सगळं गाव पाळीवर येऊन कृष्णरावांच्या तोंडाकडे बघायला लागलं. कृष्णरावांना धानाची काळजी होती, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ते सरळ तुलारामच्या अंगणात गेले. इतक्या वर्षांत ते त्या कुंपणाच्या आत कधी गेले नव्हते, हे त्यांना आत पाऊल टाकल्यावर कळलं.

तुलाराम विळ्याला धार लावत बसला होता. उठून त्यानं खाट टाकली. कृष्णराव बसले नाहीत.

"काहून आला नाही गा?"

"येऊन राहिलो होतो, भाऊ. मंग इचार आला. मी आंगभर बुडतो, तेच पाणी तुमच्या बांध्यायत जाते. तेच हिरीत पाझरते, तेच नळाले येते. तेथं भित कुठी बांधान?"

तुलारामच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"भय्याजीचा मले राग नाही," तो विळ्याकडे बघत म्हणाला. "तो काय आहे ते मले मालूम होतं. मधुकररावबी मालूम होता. तुमचं मालूम नव्हतं."

कृष्णराव तसेच परत फिरले. दोघं सारखेच नाराज म्हणजे न्याय, हा हिशेब त्यांनी जन्मभर केला होता, आणि या खेपेला तर एकटा तुलारामच नाराज होता. बाकी सगळं गाव खूश होतं!

दुसऱ्या दिवशीच्या सभेत नेहमी सगळ्यांच्या शेवटी बोलणारे कृष्णराव सगळ्यांच्या आधी उठले. भिंत मी बांधवली, चूक माझी, ती काढा, एवढं म्हणून त्यांनी हात वर केला. दुसरा हात वर आला नाही. मधुकररावाबरोबर एका नळासाठी घसा कोरडा करणारे दोघं आढ्याकडे बघत बसले. खुद्द मधुकरराव भंडाऱ्यात होता. भय्याजी उठले, आवाज न चढवता म्हणाले, "बाईले सांगून द्या, औंदा मी ओवाळून घ्याले येत नाही," आणि बाहेर पडले.

ठराव पडला, भिंत राहिली. कौशल्याबाई त्या दिवशी बोलल्या नाहीत, पुढचे बरेच दिवस बोलल्या नाहीत.

सकाळी कृष्णराव तळ्यावर गेले ते सवयीनं, आशेनं नव्हे. पाळीवर तुलाराम धोतर काढून लंगोट आवळत होता. सभेतली बातमी त्याच्यापर्यंत पोचली असणारच. त्यानं बुडी मारली. पाण्यावर बुडबुडे आले आणि थांबले. एवढा वेळ त्याला कधी लागत नव्हता. मग कालव्यात पाणी धो धो कोसळलं आणि तुलारामचं डोकं वर आलं.

आनंदानं कृष्णरावांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईनं बंडीच्या खिशातून बिडी आणि काडेपेटी काढली आणि सपाट दगडावर ठेवली.

तुलाराम काठावर निथळत उभा होता. तो दगडाकडे बघत राहिला. मग त्यानं कृष्णरावांकडे बघितलं.

कृष्णरावांचे कान तापले. काल भर सभेत वर केलेला तोच हात होता. त्यांनी वाकून बिडी उचलली, पेटवली, एक झुरका मारला आणि ती तुलारामपुढे धरली. पाळीवरून गावात जायची गाडीवाट होती आणि वळणावर भय्याजींच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

"धरा जरा, भाऊ," तुलाराम म्हणाला. "हात वले आहेत. सुकू द्या."

तो सावकाश पाळीवर काढून ठेवलेल्या धोतराच्या सोग्याला एकेक बोट पुसायला लागला. गाडी जवळ येत होती. कृष्णरावांनी हात खाली घेतला नाही.