एका शेरवानीत मावलेलं गाव

“बगलूस बघा! अरं डोळे फुटले का तुमचे, तो कमरंचा बगलूस बघा!” लिंबाजीराव गावच्या शेतकी सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर चढून ओरडत होते. टेबल तीन पायांचं, चौथ्या पायाच्या जागी विटा, आणि लिंबाजीरावांचं वजन एका कारखान्याच्या एका हंगामाच्या साखरेइतकं. “ह्याच्या आज्याला निजामानं हत्तीवर बसवला! आन् आपले बाप-आजे? ते लेव्हीची ज्वारी पाठीवर घेऊन कचेरीम्होरं रांगंत हुबे! आता ह्या दरबाऱ्याच्या हातनं जनावराचा चारा घ्यायचा का तुमाला?” त्यांचं बोट भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे होतं. फोटोखालच्या खुर्चीत सोसायटीचे चेअरमन उत्तमराव, म्हणजे आमचे नाना, घामाघूम होऊन बसले होते. आणि मी दाराशी उभा होतो तो हत्तीचं नाव ऐकताच हळूच खाली बसलो. कारण तो हत्ती माझा होता.

सभा बहात्तरच्या दुष्काळातली. ती जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली सव्वा महिन्यापूर्वी, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर. चहा समोर होता आणि नानांच्या मुलाचा फोन आला, “काका, नाना गेले.” मी विचारलं, कसे रे? तो म्हणाला, “जेवले, मोठा ढेकर दिला, म्हणाले जरा पडतो. पडले ते पडलेच.” मला रडू यायला हवं होतं… आलं हसू. शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला आपली प्लेट उचलून दुसरीकडे जाऊन बसला. पण खरं सांगतो, जीव हलका झाला. ज्या माणसाने आयुष्याची पहिली पस्तीस वर्षं एका फोटोच्या धाकात काढली, तो इतका मोकळा, इतका ढेकर देऊन गेला, यापेक्षा दोस्ताने दोस्तासाठी आणखी काय मागायचं?

तो फोटो आधी सांगतो. वडवणीच्या अलीकडे आमचं गाव. तिथून नानांचे आजोबा कधीतरी, निजामाचं राज्य होतं आणि रेडिओ अजून यायचा होता अशा काळात, बैलगाडीने बायकापोरांसह बीडला गेले. तिथे कुणा हैदराबादी फोटोवाल्याने स्टुडिओ थाटला होता. मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात राजहंस. आमच्या भागात एवढं पाणी फक्त पडद्यावरच. पुढे सिंहाच्या पंजांची खुर्ची. खुर्चीत आजोबा, अंगात गळ्यापर्यंत बटनांची काळी शेरवानी, डोक्याला दस्तार म्हणजे दरबारी पगडी, आणि कमरेला सोनेरी बकलाचा पट्टा, तोच तो बगलूस. निजामासमोर उभं राहायचं तर दस्तार आणि बगलूस लागेच. त्याशिवाय दरबाराची पायरी चढू देत नसत. शेजारी आजी, नऊवारी लुगडं, नाकात नथ, आणि पायांत काळे बूट व मोजे! मांडीजवळ नानांचे वडील, वय वर्षं पाच, गोऱ्या साहेबाच्या पोराची टोपी घालून. आजोबांची पावलं मात्र दिसत नाहीत. बरोबर तिथे एक कुंडी ठेवली आहे.

या फोटोने ते घराणं उभं केलं. नानांचे वडील सरपंच झाले ते फोटोखाली बसून. मत मागायला माणसं घरी बोलवायची, चहा द्यायचा आणि वर बघून नुसता उसासा सोडायचा. आजीचा फोटोतला चेहरा इतका करारी, की बघणाऱ्याने आपसूक पाय पोटाशी घ्यावेत. नानांच्या सासऱ्यांनी तर मुलगा बघितलाच नाही म्हणतात. फोटो बघितला आणि सुपारी फोडली. आणि नाना चेअरमन झाले त्या दिवशी त्यांनी घरातला फोटो काढून वाजतगाजत सोसायटीच्या ऑफिसात, आपल्या खुर्चीच्या बरोबर वर लावला. वाजंत्री मीच आणली होती. आजोबा दरबारात गेले तेव्हाचा फोटो, असं नाना चारचौघांत सांगत. निजामाने हत्ती पाठवला, आणि बगलूस स्वतःच्या हाताने बांधला, ही पुढची भर माझी.

गंमत अशी, की खरं काय ते मला ठाऊक होतं. मरायच्या आदल्या आठवड्यात आजीने नानांना जवळ घेऊन सांगितलं होतं, “उत्त्या, ती शेरवानी आपली न्हाई रं. फोटोवाल्याची. मागनं पार फाडलेली, कुणालाबी बसावी म्हणून. नाड्यांनी बांधली तुझ्या आज्याला. त्याच्या पायाला बूट चढंना, म्हणून म्होरं कुंडी ठिवली. माझ्या पायांत चढले, पर आसले चावले, आसले चावले, की मला हसताच आलं न्हाई.” घराण्याचा सगळा करारीपणा तो असा, बूट चावल्याचा! नानांनी हे मला एकट्याला सांगितलं, नदीच्या कोरड्या पात्रात, आजूबाजूला चिटपाखरू नाही ना हे तीनदा बघून. वर म्हणाले, “आन् तू हत्ती कावून घुसडला बे?” मी म्हटलं, “एवढी शेरवानी घालून माणूस दरबारात पायी कसा जाईल?”

नाना हसले नाहीत. त्या काळात ते हसतच नसत. फोटोकडे कुणी जरा जास्त वेळ बघितलं की त्यांच्या कपाळावर घाम. बटन मोजतोय का, बकल ओळखतोय का… रात्री सुद्धा उताणे झोपत. पाठ उघडी पडू नये म्हणून, असं मी लोकांना सांगायचो.

मग तो दुष्काळ आला. मी वाढवून सांगतो हे जगजाहीर आहे, पण त्या वर्षी वाढवायला काही शिल्लकच नव्हतं. विहिरीत सोडलेल्या दगडाचा आवाज दुसऱ्या दिवशी यायचा. निम्मं गाव कोयत्यावर, म्हणजे लांबच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला गेलेलं. मागे म्हातारी माणसं आणि म्हातारी जनावरं, आणि दोघांनाही लांब चालवत नव्हतं. नानांनी तालुक्याला खेटे घालून सोसायटीच्या आवारात चारा डेपो आणला. लिंबाजीरावांना तो डोंगरापलीकडे आपल्या वस्तीवर न्यायचा होता. डेपो कुठे, हे ठरवणार चेअरमन. म्हणून त्यांनी चेअरमन बदलायची सभा लावली. डेपो डोंगरापलीकडे गेला तर खालच्या आळीची जनावरं वाटेतच बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत, हे सगळ्या सभेला कळत होतं. पण लिंबाजीरावांनी चाऱ्याचं नावच काढलं नाही. त्यांनी बगलूस काढला.

आणि तो चालला! म्हाताऱ्यांना लेव्हीचे, सरकारात सक्तीने धान्य घालायचे दिवस आठवले, माना डोलायला लागल्या. नाना असे कात्रीत सापडले, की आजोबा दरबारी होते म्हणावं तर आज दरबाऱ्याला कुणी हात वर करणार नाही, आणि नव्हते म्हणावं तर वडील खोटे, आपण खोटे, सोयरीक खोटी. बाहेर ओसरीवर बायकांमध्ये गयावहिनी, म्हणजे नानांची बायको, बसलेली. नानांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी छताचे पत्रे मोजायला लागलो.

नाना उठले. खिळ्यावरून फोटो काढून छातीशी धरला. म्हणाले, “लिंबाजी, खाली उतर. टेबल मोडंल.” मग सभेकडे वळले. “ही शेरवानी आमची न्हाई. फोटोवाल्याची हाय. पगडी त्याची, बगलूस त्याचा, आजीचे बूट बी त्याचेच. शेरवानीला पाठच न्हाई. माझ्या आज्यानं जल्मात निजाम पाह्यला न्हाई, आन् हत्ती…” इथे ते थांबले. मी डोळे मिटून घेतले. “हत्ती बी न्हाई. आमी तुमच्यावानीच. मी खोटं सांगत आलो. मला काढायचं तर काढा, पर डेपो हलवू नका. खालच्या आळीची जनावरं तेवढी चालायची न्हाईत.”

सभेने माना लांबवून फोटो बघितला, आवारातल्या बैलांनीही रवंथ थांबवून बघितला असता. अर्थात रवंथ करण्याइतकं त्यांच्या पोटात काही असतं तर. तेवढ्यात ओसरीवरून केसरबाईचा आवाज आला. सत्तरीची बाई, खालच्या आळीची, दोन बैलांची मालकीण.

“उत्तमा, तिसरं बटन हाय का रं त्या शेरवानीला?”

नानांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “न्हाई की, केसरमावशी.”

“मग ती आमच्या मामंजीचीच की!”

आणि बाई तरातरा घरी गेली. परत आली ती पदराखाली फ्रेम घेऊन. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनपासून कणगीत दडवलेली. घरात निजामी थाटाचा फोटो बघून कुणी काही बोलायला नको म्हणून. तिचे सासरे जन्मभर मेंढरं वळलेले. फोटोत तीच शेरवानी, तिसरं बटन गायब, तोच बगलूस, पायांपुढे तीच कुंडी, मागे तोच राजहंस! मग काय, बांध फुटला. माणसं उठून घरी पळाली. कुणी माळ्यावरून, कुणी देव्हाऱ्यामागून, कुणी गोधडीच्या घडीतून फ्रेमा आणल्या आणि ऑफिसच्या भिंतीला टेकून मांडल्या. मी आजवर तेवीस सांगत आलो. आज नाना नाहीत तर खरं लिहितो, नऊ होत्या. बरं, सात. जाड आजा, वाळका आजा, कुंभार, सुतार, एक तर चकणा, आणि सगळ्यांना ती शेरवानी अशी बसलेली की जणू शिंप्याने अंगावरच शिवली. सात घरं वर्षानुवर्षं एकमेकांपासून एकच शेरवानी लपवत होती.

सगळ्यांत शेवटी लिंबाजीरावांची आई आली, कमरेत वाकलेली. तिने हातातली फ्रेम रांगेत ठेवली आणि वर बघून म्हणाली, “लिंब्या, उतर खाली. तुझा आजा बी हाय ह्यात.” लिंबाजीरावांच्या आजोबांनी बगलूस उलटा बांधला होता. मी हसलो, केसरबाई हसली, मग सगळी सभाच अशी हसली की पत्र्यावरची वर्षाची धूळ खाली आली आणि आम्ही सगळे भुरे झालो. हात वर झाले. डेपो जागेवर राहिला. लिंबाजीरावांचा हात वर गेला होता की नाही यावर गावात अजून वाद आहे. मी म्हणतो गेला होता, डोकं खाजवायला.

घराकडे जाताना नाना पुढे, गयावहिनी मागे, मी त्याच्याही मागे, ऐकता येईल इतकाच. नाना मागे न बघता म्हणाले, “तुझ्या बापाला फशीवलं आमी.” वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “बापानं मला फोटोला दिली व्हती. मी तुमच्या घरी आलते.” नानांची चाल तिथून बदलली. आयुष्यभर पायांत बूट चावत असावेत आणि कुणीतरी ते काढून घ्यावेत, तशी.

पुढची पन्नास वर्षं नाना निवांत हसले. पंचायत समितीवर गेले, सत्कार झाले, आणि दर वेळी फोटोवाला आला की आधी गर्रकन फिरायचे, “पाठ घ्या आदी. सबंध हाय!” त्यांच्या बैठकीत आज दोनच फोटो आहेत. एक तो जुना, सोसायटीतून परत आणलेला. दुसरा नानांचा, पाठमोरा. धोतर, सदरा, उजव्या खांद्याखाली वहिनींनी लावलेलं ठिगळ. हार घालायला तोच काढला आहे. भेटायला येणारा नवखा माणूस गोंधळतो, चुकून उलटा लावलाय का म्हणून मागे जाऊन भिंत बघतो. मी त्या खोलीत बसलो की मला अजून वाटतं, आता हा माणूस वळेल आणि विचारील, “आलं का नीट?”

दहाव्याला मी गेलो तेव्हा त्या बैठकीत लिंबाजीराव आलेले होते. नव्वदीचे, वाळून काटकी झालेले, काठीवर हनुवटी टेकून बसलेले. वहिनींनी चहा दिला. गर्दी होती, मला राहवलं नाही, मी ती सगळी सभा पुन्हा सांगितली, टेबलापासून ठिगळापर्यंत, आणि वहिनी समोर होत्या म्हणून फ्रेमा नऊच ठेवल्या. लोक हसले, डोळे पुसले. मग मी लिंबाजीरावांकडे सरकलो. म्हटलं, “आता नाना गेले, आता तरी खरं सांगा. एवढी सभा लावली, एवढं ओरडलात, आन् भर गावात हरलात. लई लागलं आसंल ना मनाला?” त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून दुसऱ्यांदा कानाशी ओरडून विचारलं.

त्यांनी चहा संपवला, मिशा पुसल्या.

“माझी बी म्हैस व्हती तिथं डेपोवर,” ते म्हणाले. “चारा मिळाला तिला.”