पाचही ठिकाणी आलेली बातमी

आमच्या कोळीवाड्यात बातम्यांचे पाच व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि पाचांचाही मालक मीच आहे. लोकांना वाटतं, पाच वेगळी माणसं आहेत (मी वाटू देतो). एकात मी चिडतो, एकात हळहळतो, एकात नुसतेच हात जोडतो. बातमी मात्र एकच!

परवा दुपारी वारा उठला. मी जेटीवर उभा होतो. लांब पाण्यात काहीतरी पांढरं, पालथं हेलकावत होतं. झालं! मी लगेच लिहिलं, 'होडी उलटली?' पहिल्या ग्रुपवर प्रश्नचिन्ह होतं. पाचव्यापर्यंत ते गळून पडलं (बोटं दुखतात हो!).

अर्ध्या तासात सगळा वाडा जेटीवर. एकेक बोट परतू लागली, बायका आपापला बावटा ओळखून सुटकेचा श्वास टाकू लागल्या. राहिली फक्त आमच्या दादाची बोट. दादा आणि चार खलाशी! फोन लागेना.

वहिनी मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "भावजी, पाची ठिकानी आलंय. खोटं कसं असंल?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण 'देव करो, खोटंच असो' एवढंच म्हणालो. त्याहून लाजिरवाणं म्हणजे, पाची ठिकाणी आलंय म्हटल्यावर मलाही खरं वाटायला लागलं! मी चक्क रडलो.

दिवेलागणीला दादाचा बावटा दिसला. वहिनीने जेटीवरच बसून हात जोडले. दादा चिंब भिजून उतरला आणि त्याने बोटीतून एक भलंमोठं पांढरं प्लास्टिकचं पिंप जेटीवर आदळलं. जाळं ओढताना क्षणभर रेंज आली तेव्हा त्याने बातमी वाचली होती, मग फोनच बंद पडला. माणूस पाण्यात म्हटल्यावर आमच्याकडे कोणी जाळ्याकडे बघत बसत नाही. भरलेलं जाळं कापून तो तीन तास बुडालेल्यांना शोधत होता. सापडलं ते हे.

"एकानं दिलं असतं तर हसलो असतो," दादा म्हणाला. "पाच जनांनी दिलं, म्हनून जालं कापलं."

वहिनी उठली, पदर खोचला. "कोन ते पाच जन?"

तेव्हा आम्ही पाचही जण त्या एका पिंपाआड लपून बसलो होतो.