रुमालाखालचं पहिलं बोट

आमच्या अमरावतीच्या कापूस बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून काय ते बोलत. तोंडानं मात्र हवापाण्याच्या आणि सोयरिकीच्या गप्पा चालू. मी दलाल होतो, म्हणजे त्या दोन हातांमधला तिसरा हात. या धंद्यात एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती: पहिलं बोट कधीच खरं नसतं. पहिल्याच खेपेला खरं सांगणारा एकतर नवखा, नाहीतर प्यायलेला. हात दोन-तीनदा फिरला की खरं बोट यायचं, मग ठरलेल्या भावाचा मोठ्यानं आवाज द्यायचा. आवाज पडला नाही तोवर सौदा नाही.

ही बोटांची भाषा मी माझ्या बायकोला शिकवली होती. तिचं माहेर अकोल्याचं. आमच्या घरात आईसमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती. मग ती पाण्याचा तांब्या पुढे करी आणि पदराआडून माझ्या हाताला बोट लावी. एक बोट म्हणजे मी बरी आहे, दोन म्हणजे बरी नाही. पहिल्यांदा ती कायम एकच दाबायची. मी पुन्हा हात दाबून विचारलं की मग खरं सांगायची. दलालाची बायको शोभली होती. तिच्याशिवाय त्या घरात माझं असं कोणी नव्हतं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

ते दिवस कापसाच्या सोन्याचे होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, तिकडचा कापूस येईना, म्हणून विलायतेला वऱ्हाडाची आठवण झाली. ही लढाई आम्हाला समजावून सांगायचे ते आमच्या पेठेतले मुनशीजी. अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा आणि उर्दू अखबार वाचून दाखवणं हे व्यसन. रंगाऱ्याच्या ओट्यावर बसून ते सांगत, "त्या मुलखाच्या लोकायनं इंग्रजाचं राज हाकलून देल्लं आन आपला मानूस आपनच निवडला. पन कापूस येचनाऱ्या गुलामाले कोनी इचारलं नाई. आता त्याच्यापाईच भाऊ भावाले मारून राह्यला." दुसऱ्या एका देशात रयतेनं राजाचं डोकं उडवलं आणि मग निवडलेल्या पंचांनी एकमेकांची उडवली, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही हसलो. शिपायांच्या बंडाची राख अजून गरम होती, त्यामुळे हसलो तेही हळू आवाजात.

आणि एक दिवस तीच गोष्ट आमच्या दारात आली. इंग्रज साहेबानं दवंडी पिटवली की गावच्या बंदोबस्तासाठी कमिटी बसणार आहे, पेठेनं आपला एक माणूस निवडून द्यावा. उभे दोघेच राहिले, एक मुनशीजी आणि दुसरा शेठ. शेठचं कापसाचं आवार पेठेच्या विहिरीला लागून होतं, आणि त्याला ती विहीर कुंपणाच्या आत घ्यायची होती. पडीक जागा आणि विहिरी कोणाच्या ताब्यात द्यायच्या, हे कमिटी ठरवणार होती. मुनशीजी एवढंच म्हणाले होते की विहीर उघडी राहील. म्हणजे निवडायचं होतं ते आमचं पाणी. दर घरातून एका पुरुषाला बोलावणं होतं. महारवाड्याला कोणी बोलावलं नाही. त्यांना त्या विहिरीवर आम्हीच कधी चढू दिलं नव्हतं, तेव्हा कोणाला ते खटकलंही नाही.

निवडीच्या दिवशी साहेब म्हणाला, एकेकानं पुढे येऊन मोठ्यानं नाव सांगा. शेठ समोरच लोडाला टेकून बसला होता. कोणाची जीभ उचलेना. निम्मी पेठ त्याच्या आवारात राबत होती, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? तेव्हा एका म्हाताऱ्या दलालानं तोड काढली: रुमाल टाका. एक बोट शेठला, दोन बोटं मुनशीजींना. साहेबाला ही युक्ती फार आवडली. रुमालाखाली हात घालायला त्यानं आपला कारकून बसवला, म्हणजे पक्षपात नको. कारकून पुण्याकडचा, बाजारात कधी पाऊल न टाकलेला. पुढ्यात दोन मडकी, आणि ज्याचं बोट पडेल त्याच्या मडक्यात तो एक सरकी टाकणार.

रांग लागली. कारकून बोट चाचपायचा, सरकी टाकायचा आणि पुढचा हात ओढायचा. शेठच्या मडक्यात सरकी पडतच राहिली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. पहिली खेप होती ती. पहिल्या खेपेला शेठचा मान राखायचा, तो विहिरीच्या हट्टावरून जरा खाली येतो का बघायचं, आणि दुसऱ्या खेपेला खरं बोट. हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. मीही एकच बोट दाबलं. त्याची मला शरम नाही. त्या बाजारात वाढलेल्या कोणीही तेच केलं असतं.

रांग संपली आणि कारकुनानं रुमालाची घडी घातली.

"दुसरी खेप?" म्हातारा दलाल म्हणाला.

"दुसरी कसली? दिलं ते दिलं," कारकून म्हणाला.

"अजी, आवाज कुठी पडला अजून?"

कारकुनानं साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेब हसला, शेठचा हात हातात घेतला आणि घोड्यावर बसून निघून गेला. मुनशीजींच्या मडक्यात जी थोडी सरकी होती ती बहुधा त्यांच्या भाऊबंदांची असावी. पेठ कारकुनाच्या नावानं शिव्या देत होती. मुनशीजींनी मडक्यात डोकावून पाहिलं आणि जोडे पायात घातले. "कारकुनाले कावून शिव्या देता? बोटं तं आपलीच होती," एवढं बोलून ते घरी गेले.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आई देवळात गेली होती म्हणून बायको मोकळेपणानं बोलली. "पानी आमी भरतो, आन बोटं तुमाले इचारतेत. आमाले इचारलं असतं तं आमी पयल्याच खेपीले दोन दाबली असती."

"तुले बाजार नाई समजत," मी म्हणालो.

"बाजार नाई समजत. तहान समजते."

उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीभोवती कुंपण उभं राहिलं. फाटकावर पठाण बसला. बायका नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. तिथेच गाड्यांचे बैल पाणी प्यायचे. पुढे तिकडची लढाई मिटली, भाव कोसळला आणि शेठचं आवार ओस पडलं, तरी फाटकाचं कुलूप निघालं नाही. पण ते नंतरचं. त्या वैशाखात पेठेत पटकीची साथ शिरली. आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा मुनशीजींच्या घरी गेली आणि त्यांना घेऊन गेली. मग आमच्याकडे आली.

सकाळी बायकोनं झिऱ्यावरून दोन घागरी आणल्या आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. आई उशाशी बसून मरीआईला नवस बोलत होती. बायकोचा आवाज बसला होता, आणि आईसमोर ती तसंही बोलली नसती. मी गोधडीखाली हात घालून तिचा हात धरला. तो थंडगार होता. मी दाबून विचारलं.

तिनं एक बोट दाबलं.

ती पहिली खेप होती. मी पुन्हा दाबून विचारलं, आणि हात तसाच धरून बसून राहिलो. उन्हं ओट्यावरून उतरली. आईनं नवस थांबवून मोठ्यानं गळा काढला, तरी मी दुसऱ्या बोटाची वाट पाहत होतो.