बाबा, जरा बाजूला

माझ्या वहिनीला कॅमेऱ्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत ती जिंकते आणि मला ते अजून सहन होत नाही.

कॅमेरा बाबांचा. पेटीसारखा, पुढे एकावर एक दोन भिंगं, वरून मान खाली घालून बघायचं. पनवेलात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले आणि तो बंद पडला. सामान माळ्यावर गेलं, कॅमेरा माझ्याकडे आला. दादाला त्यात कधीच रस नव्हता. दर रविवारी सकाळी मी आणि बाबा वडाळे तलावावर जातो आणि मी पाण्यातली प्रतिबिंबं काढते. माड, समोरच्या इमारती आणि विमानतळ सुरू झाल्यापासून नशिबात असेल तर एखादं विमान. बाबा माझी पिशवी धरून शेजारी उभे असतात. "पाण्यावर फोकस करू नकोस, पाण्यातल्यावर कर," हे त्यांनीच शिकवलं. पाणी पायाशी असलं तरी त्यातला माड लांबच असतो, हे डोक्यात शिरेपर्यंत माझे कितीतरी रोल धुरकट आले.

बाबांनी जन्मभर एक काम फार केलं, गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचं. लोक रडत यायचे आणि हातात काय, तर लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला अर्धा चेहरा. म्हणून बाबांचं म्हणणं, हार घालायचा फोटो माणसाने जिवंतपणीच निवडून ठेवावा. सत्तरी उलटल्यावर ते स्वतःचा शोधायला लागले. तो मी काढलेलाच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मुलगी मी, शिकले मी, कॅमेरा माझ्याकडे. खिडकीच्या उजेडात खुर्ची मांडून मी त्यांचे खूप फोटो काढले. प्रत्येक वेळी ते हनुवटी उचलून ताठ बसायचे आणि फोटो हातात आला की म्हणायचे, "पासपोर्टला चालेल." मी म्हणायचे, जमेल कधीतरी.

अशाच एका रविवारी वहिनी आमच्याबरोबर आली. ती उरणकडची, कोळ्यांच्या घरातली. तिला तलावाचं काय कौतुक असणार? घाटाच्या पायऱ्यांशी मी माडाचं प्रतिबिंब धरलं, बाबांना बाजूला व्हायला सांगितलं, फोटो काढला आणि रोल पुढे सरकवला. तेवढ्यात फोन वाजला. कॅमेरा वहिनीच्या गळ्यात अडकवून म्हटलं, "नुसता सांभाळ हं, हात लावू नकोस."

रोल मी घरीच धुते. निगेटिव्ह बाथरूमच्या दोरीला चिमट्याने टांगली आणि शेवटच्या चौकटीत नुसता माड नव्हता, माणूस होता.

"ताई, मी काय केलंच नाय," वहिनी म्हणाली. "पाण्यात विमान आलं, बाबा वाकून बघाया लागले, हसले. मी आपला खटका दाबला."

प्रिंट काढून बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती फिरवून उलटी धरली. पाण्यातले बाबा सरळ झाले. दात दिसेपर्यंत हसणारे, गालावर पाण्याची एक बारीक सुरकुती. इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीवर कधी न आलेलं हसू.

"हाच," बाबा म्हणाले. "हार घालाल तो यालाच."

"बाबा, तो हललाय."

"हलू दे. मीच आहे ना?"

वहिनीने "असलं काय बोलू नका" म्हणत डोळ्याला पदर लावला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोकस मी लावलेला. बाबा त्या माडाखालीच येऊन उभे राहिले म्हणून चेहरा नीट आला. उजेड मी मोजलेला, रोल मी भरलेला, मीच धुतलेला. आयत्या बिळावर नागोबा! दादाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, 'आमच्या होममिनिस्टरची कमाल'. त्यावर मावश्यांचे टाळ्यांचे ढीग. मीही एक अंगठा टाकला आणि फोन उशीखाली कोंबला. वहिनीने त्या दिवशी केलेलं पापलेटचं कालवणसुद्धा मला खारट लागलं. ते खारट नव्हतं.

आठवडाभर मी जळत होते. मग ठरवलं, याहून चांगला फोटो माझ्याकडे असणारच. इतकी वर्षं दर रविवारी बाबा माझ्या शेजारी उभे होते, एखाद्या चौकटीत चुकून का होईना आले असतीलच. तो शोधून, मोठा करून बाबांपुढे ठेवायचा आणि वहिनीचा बाद करायचा. तलावाच्या निगेटिव्हचा खोका काढला आणि खिडकीशी बसून एकेक पट्टी उजेडासमोर धरली.

माड. इमारत. ढग. बगळा. कमळाची पानं. पुन्हा माड. पाणी कसं स्वच्छ, कुठे माणसाचा मागमूस नाही. एका चौकटीच्या कडेला तेवढी एक कापडी पिशवी आणि ती धरलेला हात, मनगटापर्यंत. तो रविवार मला आठवला, कारण त्या दिवशी मी चिडले होते. "बाबा, जरा बाजूला व्हा ना, पाण्यात येताय तुम्ही." दर रविवारी म्हणत आले होते. ते बिचारे मुकाट्याने सरकायचे. वहिनीला त्यांना सरकवायचं सुचलं नाही, एवढंच.

पट्ट्या खोक्यात परत ठेवल्या. वहिनीचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लागला आहे, अजून हाराशिवाय. त्याच्याकडे बघितलं की अजूनही पोटात दुखतं. ती काही पुन्हा तलावावर आली नाही. कंटाळा येतो म्हणाली. बरंच झालं.

आता रविवारी मी बाबांना म्हणते, "इथेच थांबा, माडाखाली. पाण्याकडे बघा."

ते "बरं" म्हणतात आणि थांबतात. पण मी कॅमेऱ्यात बघायला मान खाली घातली, की पायरीवर त्यांच्या चपला वाजतात. भिंगात माड तेवढा उरतो. वर बघते तर बाबा पिशवी घेऊन नेहमीच्या जागी, बाजूला.

"काढ आता," ते म्हणतात, "पाणी मोकळं आहे."